गुठळीची वीण आणि शरीरातला दाह

हृदयविकाराचा झटका म्हटला की आपण कोलेस्टेरॉलकडे बोट दाखवतो. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटला की तिथे रक्त गोठते आणि ती गुठळीच प्रवाह अडवते. शरीरात दाह धुमसत असला की इंटरल्युकिन-६ या रसायनाच्या इशाऱ्यावर यकृत फायब्रिनोजेन वाढवते. त्यापासून गुठळीचे धागे बनतात. ते बारीक आणि दाट असले, की धिवरांच्या बारीक आसाच्या जाळ्यासारखी घट्ट वीण होते. तिच्यात शरीराची गुठळी विरघळवणारी द्रव्ये लवकर शिरत नाहीत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटका किंवा तीव्र छातीदुखी झालेल्या 4,354 रुग्णांचे रक्त तपासले गेले. ज्यांची गुठळी उशिरा विरघळत होती, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले.

यावर आक्षेप रास्त आहे: दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मात्र 2017 च्या कॅन्टोस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाने सुमारे 10,000 रुग्णांत झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून मधल्या मात्रेच्या गटात 15 टक्क्यांनी घटले. यात गुठळीचा वाटा किती, हे त्या चाचणीने सांगितले नाही. दाह हे कारण आहे, एवढे मात्र दाखवले. त्याच औषधाने जीवघेणे संसर्गही वाढले. कोल्चिसिन या स्वस्त गोळीने 2019 आणि 2020 च्या चाचण्यांत फायदा दिसला, 2024 च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. म्हणून दाह औषधाने दाबण्यापेक्षा तो पेटवणारे कारण दूर करणे अधिक शहाणपणाचे.

गोंदियात दाह पेटवणारे ते कारण समोरच आहे: तंबाखू. हा बिडीचा आणि तेंदूपानांचा जिल्हा. तंबाखू-सुपारीचा खर्राही गावोगावी मिळतो. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांत झटक्याचा धोका जवळपास तिप्पट, तंबाखू चघळणाऱ्यांत दुपटीहून अधिक आढळला. बिडीवर हजारो घरे चालतात, हे खरे. पण त्या रोजगाराला पर्याय शोधणे हे शासनाचे काम आहे, रुग्णाच्या रक्तवाहिनीने त्याची किंमत मोजू नये. देवरी-सालेकसासारख्या भागातून मोठ्या हृदयरुग्णालयापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवरच भिस्त असते, आणि घट्ट, जुनी होत चाललेली गुठळी त्यालाही सहजी दाद देत नाही. म्हणून छातीत दुखताच दवाखाना गाठावा. आणि आरोग्य केंद्रात रक्तदाब-साखरेइतक्याच गांभीर्याने बिडी-खर्ऱ्याची चौकशी व्हावी, सोडायला मदत मिळावी. तंबाखू सुटली की धोका उतरू लागतो, आणि हा उपाय गावातच सुरू करता येतो.