दाजींचा ट्रक आणि ओले फडके

मराठीच्या अध्यापकाचा आणि मालट्रकच्या इंजिनाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. गेल्या वैशाखापर्यंत मलाही तो पडला असता. समासाचा विग्रह कसा करावा हे मी वर्गात बरीच वर्षे सांगत आलो आहे. पण अडलेल्या यंत्राचा विग्रह कसा करावा हे मला सांगलीच्या एका पंपमिस्त्रींनी एका दुपारी शिकवले. त्या दुपारी माझ्या बहिणीचा संसार टांगणीला लागला होता, म्हणून तो धडा मी विसरणे शक्य नाही.

आमचे दाजी साताऱ्याचे. त्यांचा एकच ट्रक, आणि तो चालवणारेही तेच. किलोमीटरचा आकडा सहा लाखांच्या पुढे जाऊन केव्हाच बंद पडलेला. याच ट्रकवर त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले, थोरलीचे लग्न केले आणि आता धाकटीला पुण्यात शिकायला ठेवले आहे. हळदीच्या हंगामात वाईकडच्या हळकुंडांची पोती सांगलीच्या पेठेत पोचवायची, येताना मिळेल तो माल आणायचा, असा त्यांचा व्यवसाय.

या ट्रकला वर्षभरात एक विचित्र खोड लागली होती. पहाटे थंडगार असताना तो एका सेल्फला सुरू होई. पण एकदा तापला आणि बंद केला, की काही केल्या पुन्हा सुरू होत नसे.

“तुझे दाजी हल्ली हॉटेलात जेवतानासुद्धा इंजिन चालू ठेवतात,” ताई मला म्हणाली, “आणि गाडी उभी करायला उतार शोधतात. डिझेलचा भाव काय, अन् हे काय!”

साताऱ्यातल्या एका मिस्त्रीने निकाल देऊन टाकला होता. इंजिनाचे वय झाले. खाली उतरवून सगळे काम करा, नाहीतर गाडी विका. काम करायचे तर कर्ज काढावे लागणार. म्हणून दाजींनी मुकाट्याने गिऱ्हाईक पाहिले होते आणि सोमवारी त्याला होकार द्यायचा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होणार होते. “शेवटची खेप आहे, येता का पाव्हणं?” असे त्यांनी विचारले. महाविद्यालयाला सुटी होती. मी गेलो.

उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा करत आम्ही दहाच्या सुमारास सांगलीत पोचलो. वाटेत कराडला चहा घेतला तोही इंजिनाची धडधड ऐकतच. मार्केट यार्डात मात्र गोदामवाल्याने धुराला हरकत घेतली. दाजींनी किल्ली फिरवली आणि माझ्याकडे असे पाहिले, की आता जे होईल ते होवो. पाऊण तासाने पोती उतरली. दाजींनी सेल्फ मारला. इंजिन फिरले, फिरत राहिले, पेटले नाही. पुढे-मागे गाड्या उभ्या, धक्का द्यायलाही जागा नव्हती. शेवटी व्यापाऱ्याच्या मुनिमाने निरोप धाडला आणि स्कूटरवरून एक साठीचे गृहस्थ आले. कमरेला पान्हा नाही, हातात फक्त पिशवी.

त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. आधी दाजींना विचारले, “बंद करून पाच मिनिटांत सेल्फ मारला तर घेते का?”

“घेते.”

“दोन तासांनी?”

“तवाबी घेते. अर्ध्या-पाऊण तासानं न्हाई घेत बघा.”

“टाकी भरलेली असली तर?”

दाजी विचारात पडले. “तवा त्रास कमी असतोय. पर असं कसं?”

मिस्त्री हसले. मला म्हणाले, “सर, तुम्ही मागं सायलेन्सरपाशी उभे राहा. मी सेल्फ मारतो. धूर दिसतो का एवढं सांगा.”

सेल्फ फिरला. धुराचा मागमूस नव्हता. मी तसे ओरडून सांगितले.

वाचकहो, इथे थोडे थांबून डिझेल इंजिनाची रीत सांगायला हवी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते; डिझेलच्या इंजिनात नसते. 1897 साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन चालवून दाखवले, त्यामागची कल्पना सोपी आहे. हवा जोराने दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचा तळ गरम लागतो, त्यातलाच हा प्रकार. इंजिनात हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते आणि इतकी तापते, की तीत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. म्हणजे उष्णता ही या इंजिनाची मैत्रीण. रिंगा झिजून दाब कमी झाला असेल, तर थंडीच्या सकाळी इंजिनाने रडावे. तापल्यावर उलट चटकन घ्यावे. दाजींचा ट्रक नेमका याच्या विरुद्ध वागत होता. “इंजिनाचं वय झालं” हा निकाल तिथेच लटका पडत होता. पण हे कुणी मनाशी मांडून पाहिलेच नव्हते.

मिस्त्रींनी ते मांडले. सेल्फ सकाळच्याइतकाच जोरात फिरतो आहे, म्हणजे बॅटरी, केबल आणि सेल्फ निर्दोष. पांढरा धूर असता तर डिझेल आत पडते आहे पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता. धूरच नाही, म्हणजे डिझेल आत पडतच नाही. मग नळीत हवा शिरली असेल का? त्यांनी हातपंप मारून पाहिले. बुडबुडे नव्हते, डिझेल पंपापर्यंत व्यवस्थित येत होते. मग नोझलकडे जाणाऱ्या नळीची चकती सैल केली, आम्हां सगळ्यांना लांब केले आणि सेल्फ मारला. “इथं कधी हात धरू नये. धार कातडीत घुसते,” ते म्हणाले. पण धार कसली! नळीच्या तोंडाशी नुसती ओल आली.

चकती आवळून त्यांनी पिशवीतून एक गोणपाटाचे फडके काढले, नळावर भिजवले आणि डिझेल-पंपाभोवती गुंडाळले. वरचेवर थोडे पाणी शिंपडत राहिले. मी विचारले, बादलीच का ओतत नाही? ते म्हणाले, “तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी पडलं तर आतले भाग आवळून धरतात. घाई नाही.” आम्ही उसाचा रस प्यालो. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, “बसा, मालक. मारा सेल्फ.”

एका फेरीत इंजिन गरजले. दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

कोडे सुटले ते असे. त्या रोटरी पंपात एक दांडा एका पोलादी डोक्यात फिरतो. दोहोंमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते, आणि तिथे ना वॉशर ना रबर. डिझेलचा पातळसा थरच ती फट बंद करतो आणि वंगणही पुरवतो. नोझल उघडायला हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. लाखो किलोमीटरनंतर ही फट वाढते. थंड डिझेल जाडसर असते, ते फटीतून सहजी निसटत नाही. तापलेले डिझेल पातळ होते आणि निसटून जाते. इंजिन वेगात असताना निसटायला वेळच मिळत नाही. पण सेल्फवर ते मिनिटाला जेमतेम दीडदोनशे फेरे घेते. तेवढ्यात दाब तयार होत नाही, आणि नोझल उघडत नाही.

दाजींची उत्तरेही यात चपखल बसत होती. गाडी चालू असताना टाकीतले गार डिझेल पंपातून वाहत राहते, जास्तीचे परत जाते, आणि पंपाला थंड ठेवते. गाडी बंद झाली की वाहणे थांबते आणि इंजिनाची धग हळूहळू पंपात उतरते. म्हणून पाच मिनिटांत अडचण नाही, अर्ध्या-पाऊण तासाने पंप सर्वांत तापलेला, आणि दोन तासांनी पुन्हा निवलेला. टाकी भरलेली असली की डिझेल उशिरा तापते, म्हणून त्रास कमी.

मला वाटले, झाले आता. पण मिस्त्री म्हणाले, “एकदा जमलं तो योगायोगही असेल.” त्यांनी गाडी मिरजेपर्यंत पळवून आणायला लावली, पाऊण तास उभी केली, सुरू होत नाही हे पाहिले, आणि पुन्हा तेच फडके. पुन्हा तोच चमत्कार. तेव्हा कुठे त्यांनी पंप उतरवला.

काम दोन दिवसांचे. हेड-रोटर नवा, पंप बेंचवर तपासलेला, नोझलचा दाब जुळवलेला. इंजिन उतरवायचा जो खर्च सांगितला होता, त्याच्या पाचव्या हिश्शात सगळे आटोपले. मिस्त्रींनी जुना फिल्टर कापून दाखवला. आत काळा गाळ आणि पाण्याचे थेंब. “मालक, पंप वयानं गेला खरा, पण निम्मा यानं गेला,” ते म्हणाले. स्वस्तातला फिल्टर आणि पिंपातले डिझेल यांवर दाजींनी केलेली काटकसर अशी महागात पडली होती. दाजींनी ती तिथल्या तिथे कबूल केली.

परतीच्या वाटेवर मला किर्लोस्करवाडी आठवली. मराठीच्या माणसाला ते गाव 1920 साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मुळे ठाऊक असते. पण औंध संस्थानातल्या त्या माळावर 1910 साली लक्ष्मणरावांनी उभारला तो आधी लोखंडी नांगरांचा कारखाना, आणि मासिक निघाले ते त्याच कारखान्यातून. लोखंड आणि लेखणी यांचे इतके जवळचे नाते आमच्याच मुलखात असताना मी मात्र यंत्राला अनोळखी समजत आलो होतो.

हल्लीच्या गाड्यांत हा जुना पंप राहिलेला नाही. पण ज्या वाचकांच्या दाराशी जास्त चाललेली डिझेल मोटार आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. कॉमन रेलच्या इंजिनातही नळीतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढल्याशिवाय संगणक नोझल उघडत नाही, आणि झिजलेल्या नोझलमधून तापलेले पातळ डिझेल परतीच्या वाटेने असेच निसटते. जाणता मिस्त्री प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावून कोणती लवकर भरते ते पाहतो. तेव्हा कुणी “इंजिनच गेलं” म्हणाले, तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात. सेल्फ जोरात फिरतो का? धूर येतो का? आणि किती वेळाने सुरू होते?

त्या संध्याकाळी आम्ही कराडला थांबलो. दाजींनी किल्ली फिरवली, इंजिन बंद केले आणि सपाट जागेवर गाडी सोडून हॉटेलात शिरले. वर्षभरात पहिल्यांदाच ते शांतपणे जेवत होते. मी मात्र दोनदा खिडकीतून ट्रककडे पाहिले. पाऊण तासाने आम्ही बाहेर आलो. दाजींनी सेल्फ मारला आणि ट्रक सकाळसारखा सुरू झाला.

सोमवारी गिऱ्हाईक आले, त्याला ताईने चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले. यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम दाजींकडे गेलो होतो. ट्रकला झेंडूच्या माळा होत्या, बोनेटला हळदकुंकू होते. दाजींनी डिझेल-पंपालाही एक बोट लावले, आणि नव्या फिल्टरलाही.