फ्यूज उडाला? मूड नको उडायला! पाटणच्या वाटेवरचे बारा व्होल्टचे जुगाड

कराड सोडलं, पाटण आलं, डिकीत तंबू, मागच्या सीटवर मिनी फ्रिज. फुल ऑन कॅम्पिंग! आता फक्त गाडीच्या सॉकेटने साथ द्यायला हवी.

माहीत आहे का? डॅशबोर्डवरचं ते गोल सॉकेट मुळात सिगारेट पेटवायला जन्माला आलं. आज त्यावर फ्रिज गार होतो, गादी फुगते आणि तंबूत लायटिंग होतं. धूर आऊट, कूल इन!

पण ताकद किती? सॉकेटला १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर फक्त १२० वॅट. शेजारच्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट! म्हणजे दीड कोटीहून जास्त सॉकेट एकदम. आणखी गंमत ऐका: धरण पाटण तालुक्यात, पण बहुतेक वीज बनते सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळीच्या बाजूला.

घरची १५०० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावायचा विचार आहे? ती बॅटरीकडून सव्वाशे अँपिअर मागते. चहा राहिला बाजूला, फ्यूज आधी उडणार.

उडाला तरी घाबरू नका, फ्यूजची भाषा रंगांची असते. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. घाटात दुकान नसेल तर त्याच रंगाचा फ्यूज मागच्या वायपरसारख्या बिनगरजेच्या जागेवरून उसना घ्या. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजना मात्र हात नाही! आणि चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवणारे भेटले, तर त्यांना हात जोडून थांबवा. फ्यूज जळण्यासाठीच असतो. तो जळला नाही तर वायर जळते, मग गाडी. हा जुगाड नव्हे, आग आहे.

हे तर बहुतेकांना माहीतच नसतं: सॉकेटमध्ये घालायच्या पिनच्या टोकाची टोपी फिरवून उघडा. बऱ्याच पिनांमध्ये आत काचेचा चिमुकला फ्यूज लपलेला असतो! लोक गादीचा आख्खा पंप बाद समजतात, खरा गुन्हेगार हा. टोपी चादरीवर उघडा, आतली स्प्रिंग उडून गवतात हरवते.

सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहिलात? वारा पाणी खालून वर फेकतो. तिथे तंबूची वायर काय टिकणार! झटक्याने पिन ढिली होते. पिन काढून बाजूच्या पत्र्या हलक्या हाताने बाहेर ओढा आणि वायर सीटच्या पायाला सैल बांधा. झटका पायाला, पिन सेफ. पाटण, पटतंय ना?

फ्रिजच्या झाकणाची कडी तुटली? फेविक्विकवर चिमूटभर खायचा सोडा टाका, क्षणात दगड! थोडंच वापरा, गरम होतं आणि वाफ डोळ्यांना झोंबते.

बायदवे, केबल टाय १९५८ साली विमानातल्या वायरी बांधायला आला. आता तो तुमच्या पंपाची नळी धरून बसतो. केवढं हे लँडिंग!

गादी गळतेय? साबणाचं पाणी लावा, बुडबुडे पत्ता सांगतील. पण सायकलचं सोल्युशन प्लास्टिकच्या गादीवर नीट धरत नाही, ते रबराचं औषध. प्लास्टिकचा पॅच सोबत ठेवा.

आता सगळ्यात मोठा व्हिलन: रात्रभर चालणारा फ्रिज. तो ४ अँपिअर खात असेल, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेचार तासांत अर्धी! व्होल्टमीटरवर १२.२ व्होल्ट दिसले की प्लग काढा. तरीही बॅटरी बसली, तर मॅन्युअल गाडीला धक्का चालतो: चावी ऑन, दुसरा गिअर, वेग येताच क्लच सोडा. पण सपाट रस्त्यावरच, कुंभार्ली घाटाच्या उतारावर नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

की किकच मारायची? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी! २०२२ साली आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते हेच. मातीतच टॅलेंट!

पुढच्या ट्रिपआधी ग्लव्ह बॉक्समध्ये चार रंगांचे फ्यूज, इन्सुलेशन टेप, केबल टाय आणि छोटा व्होल्टमीटर टाका. आणि गाडीतला फ्यूज बॉक्स कुठे आहे, ते आज दिवसाउजेडीच बघून ठेवा.