प्राणहितेच्या खोऱ्यातले डायनासोर

महाराष्ट्रातले डायनासोर टी-रेक्सइतके प्रसिद्ध नाहीत, पण त्यांचे महत्त्व मोठे आहे. त्यातले काही प्राणहिता नदीच्या खोऱ्यात सापडले. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होऊन ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. याच सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ बारापासॉरसची सुमारे 300 हाडे सापडली. ती किमान सहा प्राण्यांची आहेत. ज्युरासिक काळातला हा शाकाहारी प्राणी सुमारे 14 मीटर लांब होता. 1975 साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याच्या प्रजातीला रवींद्रनाथ टागोरांचे नाव दिले आहे. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस बारापासॉरसपेक्षा बराच अलीकडचा, क्रेटेशियस काळाच्या अखेरचा. लांब मानेच्या डायनासोरांमध्ये त्याची मान आखूड आणि पुढचे पाय लांब होते.

याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्या तुकड्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. हे संशोधन 2005 साली प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळातही गवत उगवत होते, हे त्यातून सिद्ध झाले.