उपस्थाता कोण?

घरांत कोणाला ताप आला तर आपण शेजाऱ्यांना सांगतों. कोणाचें हाड मोडलें तर साऱ्या गांवाला सांगतों. एका रोगाचें नांव मात्र आपण अजूनही दार लोटून घेऊन उच्चारतों. तो रोग म्हणजे कर्करोग. या रोगापासून जितकें दुःख होतें, जवळजवळ तितकेंच तो लपविण्यापासून होतें, हें आम्हीं आमच्याच घरीं पाहिलें. वाचकांच्या घरीं असा प्रसंग कधींही न येवो. पण आलाच, तर आमच्या हातून झालेल्या चुका त्यांच्या हातून होऊं नयेत, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें घर मावळांतील बेडसे गांवीं, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीं. आमचे वडील बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणत असूं, सत्तरी उलटली तरी रोज पहांटे शेताच्या बांधावरून फिरून येत. तंबाखूची संवय मात्र त्यांना तरुणपणापासून होती. त्यांच्या गालाच्या आंत एक क्षत झालें. तोंडांतील क्षत तीन आठवड्यांत भरून आलें नाहीं तर तें तज्ज्ञाला दाखवावें, हें आज आम्हांला ठाऊक आहे, तेव्हां नव्हतें. हळद झाली, तूप झालें, आणि चार महिने गेले. अखेरीस मुंबईस तपासणी होऊन निदान ठरलें. कागद पुतण्याच्या हातीं आला आणि आम्ही, वहिनी व पुतण्या अशा तिघांनीं ठरविलें कीं, दादांना कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं. "साधी गांठ आहे, थोडा शेक घ्यावा लागेल," असें सांगून आम्हीं त्यांना रुग्णालयांत नेलें.

तेथील डॉक्टरबाईंनीं दादांना पहिलाच प्रश्न केला, "तुम्हांला घरच्यांनीं काय सांगितलें आहे?"

दादा म्हणाले, "सांगितलें कांहींच नाहीं. पण महिनाभर घरांत सारे हळू बोलतात, आणि तंबाखूवरून आतां कोणी रागावत नाहीं. त्यावरून समजलों."

पस्तीस वर्षें आम्हीं मुलांना सत्य बोलण्याचे धडे दिले. त्या दिवशीं मान खालीं घालून बसण्याची पाळी आमच्यावर आली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण धरून एकंदर सोळा गुण होतात. रुग्णाचे गुण कोणते? स्मृति, सांगितल्याप्रमाणें वागणें, निर्भयता, आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगतां येणें. हा अध्याय आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचला होता. त्याचा अर्थ मात्र त्या बांकावर बसून कळला. ज्याच्यापासून रोगाचें नांवच लपविलें, तो निर्भय कसा होणार, आणि सांगणार तरी काय? दादांना जपण्याच्या नांवाखालीं आम्हीं चिकित्सेचा एक पायच काढून घेतला होता.

आतां उपस्थात्याकडे वळूं. त्याचे गुण म्हणजे उपचाराचें ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयीं अनुराग आणि शुचिता. आजच्या कर्करोगचिकित्सेंत हे सारे गुण एकाच माणसांत सांपडणें अशक्य आहे. म्हणून मोठ्या रुग्णालयांत या कामासाठीं मंडळच असतें.

या बाबतींत मुंबईच्या परळ भागांतील टाटा स्मारक रुग्णालयाचें नांव घ्यावें लागतें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्यांचे पति सर दोराबजी पुढच्याच वर्षीं गेले. त्यांच्या नांवाच्या विश्वस्तनिधीनें उभारलेलें हें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें, आणि १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथें एकेका अवयवाच्या कर्करोगासाठीं निराळें तज्ज्ञमंडळ असतें. शस्त्रवैद्य, किरणोपचाराचे तज्ज्ञ, औषधोपचाराचे तज्ज्ञ आणि गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणारे तज्ज्ञ एकत्र विचार करून उपचारांचा क्रम ठरवितात. त्यांच्याभोंवतीं दुसरें वर्तुळ असतें. जबड्यावर किरण द्यावयाचे असतील तर दंतवैद्य आधीं दांत तपासतो, कारण किरणोपचारानंतर दांत काढला तर जबड्याचें हाड भरून येणें कठीण जातें. आहारतज्ज्ञ गिळतां न येणाऱ्याला काय द्यावें तें ठरवितो. वाचोपचार करणारा पुन्हां गिळावयास आणि बोलावयास शिकवितो. समाजसेवक पैशाच्या मदतीचे अर्ज, रेल्वेच्या भाड्यांतील सवलतीचा कागद आणि राहण्याची सोय पाहतात.

राहण्याची सोय ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तशी ती नाहीं. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतो. कामशेतहून लोकलनें लोणावळें, तेथें गाडी बदलून घाट उतरून दादर, आणि संध्याकाळीं परत, असा प्रवास रोज कोणता रुग्ण करील? दादरची गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृति समिति, अशा संस्था परगांवच्या कुटुंबांना आसरा देतात. आमच्या बेडशाच्या लेण्यांत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राच्या दानाचा लेख कोरलेला आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं नाशिकच्या माणसानें मावळांत, ओळख ना देख अशा भिक्षूंच्या निवाऱ्यासाठीं द्रव्य दिलें. धर्मशाळेच्या ओसरीवर चार प्रांतांचीं कुटुंबें एका ठिकाणीं भात शिजवितांना पाहून आम्हांला त्या लेखाची आठवण झाली.

दादांच्या नाकांतून नळी घातली होती. तिच्यांतून दर दोन तासांनीं पातळ अन्न देणें, जखम धुणें, रात्रीं उठणें, हें सारें पुतण्याची बायको करीत असे. तिनें करावें असें कोणीं ठरविलें नव्हतें. दुसऱ्या कोणीं करावें असेंही कोणाच्या मनांत आलें नव्हतें. एके दिवशीं समाजसेविकेनें सर्वांची विचारपूस केली आणि मग तिच्याकडे वळून म्हटलें, "वहिनी, दादा कसे आहेत हें सगळेच विचारतात. तुम्ही रात्रीं किती झोपतां?"

सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तो काढला नाहीं. तीन महिन्यांत तिचें वजन किती उतरलें होतें, हें एकाच घरांत राहून आम्हीं पाहिलें नव्हतें. एकत्र कुटुंबाचा आम्हांला अभिमान आहे. पण घरांत दहा माणसें असून सेवा एकीच्याच खांद्यावर असेल, तर त्या एकत्रपणाचा अर्थ काय?

त्या संध्याकाळीं आम्हीं कामें वांटून घेतलीं. कागदपत्रें व पैसा पुतण्याकडे. पेज, कढण व नळीचें अन्न वहिनींकडे. औषधांच्या वेळा आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न एका वहींत लिहिण्याचें काम आम्हांकडे आलें. मास्तराला तेंच शोभतें. एक रात्र पुतण्या, एक रात्र आम्ही, एक रात्र सूनबाई. जखम धुण्यास परिचारिकेनें पुतण्याला आणि आम्हांलाही शिकविलें. प्रथम आमचे हात कांपले. आठवड्यानें कांपेनासे झाले.

वेदनेविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडांत सिसिली सॉन्डर्स नांवाच्या बाई आधीं परिचारिका, मग समाजसेविका आणि अखेर डॉक्टर झाल्या. देह, मन, कुटुंब आणि श्रद्धा या चारही ठिकाणांची वेदना मिळून रुग्णाची समग्र वेदना होते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें काढलेल्या संस्थेवरून जगभर या सेवेचा प्रसार झाला. मुंबईस वांद्रे येथें शांति आवेदना सदन १९८६ सालीं निघालें. पुण्याजवळ वारजे येथें सिप्ला संस्थेचें केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देत आहे. अशा उपचाराला उपशामक उपचार म्हणतात. तो केवळ अंतकाळीं घ्यावयाचा, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेंत बोस्टन येथें फुप्फुसाचा कर्करोग फैलावलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानापासूनच या सेवेची जोड मिळाली, त्यांचें मन अधिक स्वस्थ राहिलें, आणि त्यांची मध्यम आयुर्मर्यादा ११.६ महिने भरली, इतरांची ८.९ महिने. मॉर्फिनविषयींही घरोघरीं भीति असते. वैद्यानें बेतून, घड्याळाप्रमाणें दिलेलें मॉर्फिन वेदनेच्या रुग्णाला सहसा व्यसनी करीत नाहीं; त्याबरोबर मलावरोधाचें औषध मात्र चुकवूं नये. हीं औषधें रुग्णांना सुलभपणें मिळावींत म्हणून २०१४ सालीं कायद्यांतही दुरुस्ती झाली.

दादा निदानानंतर सोळा महिने जगले. शेवटचे दोन महिने ते बेडशाच्या घरींच होते. वेदना बव्हंशीं आटोक्यांत होती. सर्व कांहीं ठाऊक असल्यामुळें त्यांनीं जमिनीची वांटणी स्वतः लिहविली, बांधावरून तुटलेल्या शेजाऱ्याला बोलावून त्याच्याबरोबर चहा घेतला, आणि वहिनींना जें सांगावयाचें तें एकांतांत सांगितलें. आमचें मूळचें बेत सिद्धीस गेले असते, तर यांतलें कांहींच घडलें नसतें. जाण्याच्या आदल्या आठवड्यांत त्यांनीं आम्हांला जवळ बोलावून म्हटलें, "माझें झाल्यावर सूनबाईला पंधरा दिवस माहेरीं पाठवा. लगेच कामाला लावूं नका." आम्हीं तसें केलें.

वाचकांना आमची एवढीच विनंति आहे. घरीं हा रोग आला, तर रुग्णाला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यावयाचें आहे, हें त्यालाच विचारावें. रुग्णालयांत समाजसेवक व समुपदेशक कोठें बसतात, हें पहिल्याच दिवशीं शोधून काढावें. कामें वांटून घ्यावींत, आणि त्यांत पुरुषांनीं आपला वांटा मागून घ्यावा. आणि रोज रात्रीं, रुग्णाच्या उशाशीं जी बसली असेल, तिला एकदां तरी विचारावें, "तूं जेवलीस का?"