गुरगुरण्याचा अर्थ

घरातील वयात येऊ लागलेला कुत्रा मुलावर गुरगुरला, की त्याला मार देण्याकडे वडीलधाऱ्यांचा कल असतो. ही मोठी चूक होय. गुरगुरणे ही चावण्यापूर्वीची सूचना असते. मार खाल्लेला कुत्रा कित्येकदा ती देण्याचे सोडतो आणि पुढे एकदम चावतो. अंग ताठ करणे, नजर रोखणे ही त्याहूनही आधीची लक्षणे होत. ती दिसताच मुलाला शांतपणे दूर न्यावे. कुत्रा खात वा निजलेला असताना मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. लहान मुलाला त्याच्यापाशी एकटे तर कधीच ठेवू नये. स्वभाव अचानक पालटण्यामागे दुखणेही असू शकते. म्हणून पशुवैद्याला दाखवावे. चावा घेतलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे उमटल्यावर रोगी क्वचितच वाचतो.