लहान राष्ट्र आणि परकी बाजारपेठ : मॉरिशसच्या आर्थिक वाढीविषयी काही विचार

राष्ट्राच्या आकारमानाचा त्याच्या आर्थिक वाढीशी काय संबंध असतो, हा प्रश्न अर्थशास्त्रात पुष्कळ काळ गौण मानला गेला. श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्तारावरून ठरते, असे अ‍ॅडम स्मिथने सांगून ठेविले होते; तेव्हा ज्या देशाची लोकसंख्या पुण्याहूनही कमी, त्याला मोठे कारखानदारी उत्पादन साधावयाचे नाही, हा निष्कर्ष ओघानेच निघत असे. १९५७ साली आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र संघटनेने लिस्बन येथे या प्रश्नावर एक परिषद भरविली, आणि तिच्यातील निबंध ई. ए. जी. रॉबिन्सन यांच्या संपादकत्वाखाली १९६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांत सायमन कुझ्‌नेट्स यांनी लहान राष्ट्रांच्या बाजूने एक मुद्दा मांडला होता. लहान राष्ट्रे परकीय व्यापारावर अधिक अवलंबून असतात व त्यांची निर्यात थोड्या वस्तूंत एकवटलेली असते हे खरे. परंतु तेथील समाज बहुधा एकजिनसी असल्यामुळे बदलत्या परिस्थितीशी जुळते घेणे त्यांना सुलभ जाते, असा त्यांचा आशय होता.

या चर्चेत आज बहुधा सिंगापूर व हाँगकाँग यांचीच उदाहरणे दिली जातात. आमच्या चर्चासत्रांतही विद्यार्थी प्रथम सिंगापूरचेच नाव घेतात. परंतु जगाच्या हमरस्त्यावर वसलेल्या बंदराची कथा इतर लहान देशांना कितपत उपयोगी पडेल, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट या दृष्टीने अधिक बोधप्रद वाटते. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर; खनिज संपत्ती नाही; बाजारपेठा हजारो मैलांवर; आणि शेतजमीन जवळजवळ संपूर्णपणे उसाखाली. समाजही एकजिनसी नव्हे. फ्रेंच वंशाचे मळेवाले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, चिनी व्यापारी आणि गुलामगिरी संपल्यानंतर १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून आणलेले भारतीय, अशी ही वस्ती आहे. या भारतीयांत भोजपुरी, तमिळ व तेलुगू भाषकांप्रमाणे कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांच्या वंशजांनी आपली भाषा व सण तेथे आजतागायत जतन केले आहेत. कुझ्‌नेट्स यांनी सांगितलेला अनुकूल घटक येथे नव्हताच. तो निर्माण करावा लागला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यापूर्वीच्या मॉरिशसविषयी जाणकारांचे मत काय होते, हे पाहण्यासारखे आहे. १९४८ नंतर डीडीटीच्या फवारणीने हिवतापाचे जवळजवळ उच्चाटन झाले व मृत्युमान झपाट्याने उतरले. १९५२ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख असलेली लोकसंख्या १९६२ च्या जनगणनेत ६ लाख ८० हजारांवर गेली. निर्यातीपैकी नऊ-दशांशांहून अधिक भाग एकट्या साखरेचा होता, आणि १९६० च्या आरंभी आलेल्या दोन चक्रीवादळांनी त्या वर्षीचे उसाचे पीक उद्ध्वस्त केले. त्याच सुमारास केम्ब्रिजचे जेम्स मीड हे पाहणीसाठी तेथे गेले. त्यांचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी 'इकॉनॉमिक जर्नल'मधील आपल्या लेखात त्यांनी मॉरिशसची गणना माल्थसच्या सिद्धान्ताच्या उदाहरणांत केली. वाढत्या लोकसंख्येला काम कोठून मिळणार आणि त्या टंचाईत निरनिराळ्या जमाती एकमेकींशी कशा वागतील, ही त्यांची चिंता होती. वेतने मर्यादित ठेवून श्रमप्रधान उद्योग काढावेत, कुटुंबनियोजन करावे व संपत्तीची विषमता अन्य मार्गांनी कमी करावी, असा त्यांचा सल्ला होता.

मीड यांचे भाकीत चुकले, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. १९७३ ते १९९९ या काळात मॉरिशसचे राष्ट्रीय उत्पन्न सरासरीने दरसाल ५.९ टक्के वाढले, तर त्याच काळात आफ्रिका खंडाची सरासरी २.४ टक्के होती. भाकीत चुकले हे निर्विवाद आहे. परंतु मीड यांनी सुचविलेला मार्ग आणि प्रत्यक्षात अवलंबिलेला मार्ग यांत पुष्कळ साम्य आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अंतर पडले ते एका गोष्टीत. परकी बाजारपेठा या बेटाला कोणत्या अटींवर खुल्या होतील, याची कल्पना १९६१ मध्ये कोणालाही करता आली नसती.

प्रथम साखरेचा विचार करू. १९७५ च्या लोमे करारास जोडलेल्या साखरविषयक संलेखान्वये युरोपीय आर्थिक समुदायाने काही जुन्या वसाहतींकडून ठराविक साखर हमी भावाने घेण्याचे मान्य केले. मॉरिशसचा वाटा सुमारे ५ लाख टनांचा, म्हणजे एकूण कोट्याच्या तृतीयांशाहून अधिक होता. युरोपातील भाव तेथील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी चढे ठेविलेले असल्यामुळे मॉरिशसला मिळणारी किंमत जागतिक बाजारभावाहून बरीच अधिक असे. अरविंद सुब्रमणियन व देवेश रॉय यांनी २००१ साली केलेल्या अभ्यासात हा लाभ सरासरीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.४ टक्के इतका भरतो, असे दाखविले आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा शुद्ध खंड होय. अधिक श्रम किंवा अधिक कौशल्य यांचा तो मोबदला नव्हता. एका विशिष्ट बाजारात प्रवेश असल्याचे ते फळ होते.

दुसरी बाब वस्त्रोद्योगाची. १९७४ पासून अंमलात आलेल्या बहुतंतू करारान्वये श्रीमंत देशांनी हाँगकाँगसारख्या निर्यातदारांच्या कापडावर व तयार कपड्यांवर कोटे बसविले. मॉरिशसचा माल मात्र लोमे करारामुळे युरोपात जकातीविना व कोट्याविना जात असे. साहजिकच हाँगकाँगच्या कारखानदारांनी आपली यंत्रे मॉरिशसमध्ये आणली. सरकारने १९७० मध्येच निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला होता. कच्च्या मालाच्या आयातीवरील जकात माफ, करांत सवलत, नफा परदेशी नेण्याची मोकळीक, ही त्याची मुख्य कलमे होत. इतर देशांत असे क्षेत्र म्हणजे कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा असतो. येथे बेटाच्या कोणत्याही गावी कारखाना काढून हा दर्जा मिळविता येई. लोकरी विणकामाच्या कपड्यांच्या निर्यातीत हे बेट अल्पावधीतच जगातील अग्रेसर देशांत गणले जाऊ लागले.

येथे असा आक्षेप निघेल की, मग यात मॉरिशसचे कर्तृत्व ते काय? सवलती दुसऱ्यांनी दिल्या आणि भांडवल हाँगकाँगने आणले. या आक्षेपास उत्तर देण्यासाठी तुलना करावी लागते. त्याच साखर-संलेखाचा लाभ जमैका, गयाना व फिजी यांनाही मिळत होता, आणि कपड्यांच्या निर्यातीची वाटही त्यांना बंद नव्हती. परंतु त्यांपैकी एकालाही मॉरिशसइतकी वाढ साधली नाही. गयानाने १९७६ मध्ये साखरउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. मॉरिशसच्या सरकारने, समाजवादी म्हणविणाऱ्या मजूर पक्षाचे नेतृत्व असूनही, मळे मळेवाल्यांकडेच ठेविले व त्यांच्या साखरेवर निर्यातकर बसविला. कराचा दर मोठ्या उत्पादकांवर चढता, तर लहान ऊसकऱ्यांना माफी, अशी त्याची रचना होती. नफ्याचा जो भाग मळेवाल्यांपाशी उरला तो देशाबाहेर नेण्यावर निर्बंध होते. परिणामी, निर्यात-प्रक्रिया क्षेत्रातील भागभांडवलाचा सुमारे निम्मा हिस्सा देशातीलच होता आणि त्यातील बराचसा उसाच्या मळ्यांतून आलेला होता. अशा क्षेत्रात भांडवल बहुतेक सर्वत्र परकी असते. मॉरिशस याला ठळक अपवाद आहे. करातून आलेल्या पैशाचा विनियोग शिक्षण, आरोग्य व अन्नधान्याची स्वस्ताई यांवर झाला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. देशाने सैन्य उभारलेच नाही, ही काटकसरही थोडी नव्हे.

ही तडजोड आपोआप झाली नव्हती. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला मिळाली होती, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा जमातींमधील दंग्यांच्या जखमा ओल्या होत्या. राज्यघटनेने निवडून आलेल्या ६२ सभासदांखेरीज पराभूत उमेदवारांपैकी आठ जणांना जमातींचा तोल राखण्यासाठी सभागृहात घेण्याची तरतूद केली. या व्यवस्थेमुळे जातीयता चिरस्थायी होते, अशी टीका तेथील विचारवंतच करीत आले आहेत, आणि ती निराधार नाही. तथापि राजकीय सत्ता बहुसंख्याकांकडे आणि संपत्ती अल्पसंख्याकांकडे अशी विभागणी असलेल्या समाजात दोन्ही पक्षांना एकमेकांची गरज उरली, आणि लुटण्यापेक्षा वाटून घेणे शहाणपणाचे ठरले.

वाढीचा आलेख सरळ चढत गेला, असेही नाही. १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखरेचे भाव कडाडले, तेव्हा सरकारी खर्च व वेतने भराभर वाढली. भाव उतरल्यावर खर्च मात्र उतरले नाहीत. परकीय चलनाची तूट इतकी वाढली की १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकाराव्या लागल्या. १९८२ च्या जूनमध्ये डाव्या आघाडीने मुख्य बेटावरील सर्वच्या सर्व ६० जागा जिंकल्या. नव्या राजवटीत धोरण उलटेल, अशी अपेक्षा होती. परंतु अर्थमंत्री पॉल बेरांझे यांनी तीच काटकसर पुढे चालविली. खरी भरभराट त्यानंतरची आहे. १९८० च्या सुमारास निर्यात-प्रक्रिया क्षेत्रात वीस-बावीस हजार कामगार होते. त्या दशकाच्या अखेरीस ही संख्या नव्वद हजारांच्या घरात गेली. १९८५ च्या सुमारास या क्षेत्राच्या निर्यातीने साखरेला मागे टाकले, आणि १९९० पर्यंत बेकारी जवळजवळ नाहीशी झाली.

हे कामगार कोण होते, हा प्रश्न अर्थशास्त्रीय ग्रंथांत अनेकदा एका वाक्यात आटोपला जातो. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतील कित्येक पूर्वी कधी घराबाहेर मजुरीस न गेलेल्या. मजूरसंघ ऊसमळ्यांत व गोदीत बलवान असल्यामुळे पुरुषांची वेतने खाली आणणे शक्य नव्हते. या क्षेत्रात स्त्रियांसाठी मात्र किमान वेतनाचा दर कमी ठरविण्यात आला, आणि जादा वेळ काम करविण्याचे नियमही शिथिल होते. मीड यांनी ज्या स्वस्त श्रमाची अपेक्षा केली होती तो अशा रीतीने, एका बाजारात दोन दर ठेवून, उपलब्ध झाला. या स्त्रियांच्या हाती प्रथमच रोख मिळकत आली व घरांतील जीवनमान सुधारले, हे खरे आहे. परंतु "मॉरिशसचा चमत्कार" असे जे म्हटले जाते त्यातील एक मोठा भाग त्यांच्या कमी दराच्या श्रमातून उभा राहिला, हे जमाखर्चात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. पुढे बेकारी संपून वेतने वाढू लागली, तेव्हा १९९० नंतर चीन, भारत, श्रीलंका व बांगलादेश येथून मुदतबंद कराराने मजूर आणण्यात आले. ज्यांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, त्यांच्याच देशात हे घडावे, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लहान आकार ही अडचण, हे स्मिथच्या सूत्रावरून निघते. मॉरिशसच्या बाबतीत तो आकारच एका अर्थी उपकारक ठरला. दहा लाख वस्तीच्या बेटाने कितीही स्वेटर विणले तरी युरोपातील कारखान्यांना त्याची झळ लागत नाही. म्हणून ती सवलत देणे युरोपाला परवडले. तीच सवलत भारतासारख्या देशाला देणे कोणत्याही सरकारला शक्य झाले नसते, आणि बहुतंतू करारात भारतावर कोटे होतेच. लहान राष्ट्राच्या जलद वाढीत अशा दुर्लक्षणीयतेचा वाटा किती, हे मोजले गेल्यावाचून मोठ्या राष्ट्रांनी त्याच्यापासून धडे घेऊ नयेत, असे आमचे मत आहे.

उलटपक्षी, दिलेली सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बहुतंतू करार २००४ च्या अखेरीस संपला. अनेक कारखाने बंद पडले किंवा मादागास्करसारख्या स्वस्त मजुरीच्या देशांत गेले. युरोपीय संघाने साखरेच्या हमी भावात टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात केली, आणि २००९ मध्ये साखर-संलेखही संपुष्टात आला. दरम्यान मॉरिशसने पर्यटन व वित्तीय सेवा यांकडे मोर्चा वळविला होता. वित्तीय सेवांचा आधार पुन्हा एक करारच होता. दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी भारताशी १९८२ मध्ये झालेल्या कराराचा आश्रय घेऊन परकी भांडवल मॉरिशसमार्गे भारतात येऊ लागले, व भारतातील परकी गुंतवणुकीच्या तक्त्यात हे इवलेसे बेट अनेक वर्षे अग्रस्थानी राहिले. साखरेचा खंड युरोपीय ग्राहकाने भरला होता. या खंडाचा भार भारतीय कोषागारावर पडला. २०१६ मध्ये तो करार सुधारण्यात आला, आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या भागांच्या विक्रीतून होणाऱ्या भांडवली नफ्यावर कर बसविण्याचा अधिकार भारताला मिळाला. पुढे २०२० च्या जुलैत जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च-उत्पन्न देशांच्या वर्गात बसविले. त्याच वर्षी महासाथीमुळे पर्यटन थांबून राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १५ टक्क्यांनी घटले, व पुढील वर्षी देश पुन्हा खालच्या वर्गात गेला. पन्नास वर्षांत तीन वेळा जुना आधार सुटून नवा शोधावा लागला, आणि तिन्ही वेळा तो शोधला गेला. चौथा कोणता असेल, याविषयी पोर्ट लुईमध्ये सध्या वाद चालू आहे.