"बघू" या उत्तराचं कोडिंग कसं करायचं?

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी मी बाबांना घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. बाबांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे, म्हणजे फ्लूची लस दरवर्षी घ्यावी असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्यात ते बसतात. डॉक्टरांनी बीपी बघितलं, गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठी फाडता फाडता म्हणाले, "फ्लूची लस पण असते, घ्यायची का तुम्हाला?" बाबा म्हणाले, "बघू पुढच्या वेळी." विषय संपला. ऑगस्टमध्ये बाबा फ्लूने चार दिवस ॲडमिट होते.

यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे आधीच सांगते. ज्या वर्षी लस विषाणूशी चांगली जुळते त्या वर्षीसुद्धा ती फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची वेळ येण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, पूर्ण घालवत नाही. लस घेऊनही बाबा आजारी पडले असते कदाचित. मला खुपलं ते वेगळंच. माझी पीएच.डी. डॉक्टर आणि पेशंट लशीबद्दल काय बोलतात यावर आहे, आणि मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसून होते.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल. "लोक लस का घेत नाहीत" असा विषय घेतला की आपला हात आपोआप एका गोष्टीकडे जातो: प्रश्नावली. लोकांना किती माहिती आहे ते मोजायचं, ती कमी निघाली की "जनजागृती हवी" असा निष्कर्ष लिहायचा. माझा पहिला सिनॉप्सिस हुबेहूब असाच होता. त्यामागचं गृहीतक असं की माहिती वाढली की लस घेणं वाढतं. ते दर वेळी खरं ठरत नाही. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांचा २०१५ चा अमेरिकेतला प्रयोग बघा. तिथे ४३ टक्के लोकांना वाटत होतं की फ्लूच्या लशीमुळेच फ्लू होऊ शकतो. त्यांना बरोबर माहिती वाचायला दिल्यावर हा गैरसमज कमी झाला. पण ज्यांना दुष्परिणामांची आधीपासून जास्त धास्ती होती, त्यांची लस घ्यायची इच्छा उलट घटली! म्हणजे नुसतं "गैरसमज दूर झाला का" एवढंच मोजलं असतं तर प्रयोग यशस्वी म्हणून छापून आला असता.

मग मोजायचं काय? इथे डग्लस ओपेल आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला वाचायला देते. तो लहान मुलांच्या लशींवरचा आहे, फ्लूपुरता नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. सिएटल भागातल्या ९ दवाखान्यांत १६ डॉक्टर वगैरे मंडळींचे पालकांशी झालेले लशीबद्दलचे १११ संवाद त्यांनी व्हिडिओवर टिपले आणि ओळ न् ओळ तपासले. डॉक्टर विषय काढतात कसा, याचे दोन प्रकार निघाले. एक, गृहीत धरून: "आज याला लशी द्यायच्या आहेत." दुसरा, विचारून: "लशींचं काय ठरवलंय तुम्ही?" विचारून सुरुवात केली तेव्हा ८३ टक्के पालकांनी आढेवेढे घेतले, गृहीत धरून केली तेव्हा २६ टक्के. आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पालक का-कू करायला लागल्यावर निम्म्याच डॉक्टरांनी विषय लावून धरला. पण ज्यांनी धरला, त्यांच्यासमोर आधी नको म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के पालक शेवटी तयार झाले.

आता वाचन थोडं थांबवून या अभ्यासात खोट कुठे आहे ते शोधा.

सापडली? डॉक्टर पालकांना आधीपासून ओळखत असतात. समोरची आई कुरकुर करणार हे माहीत असेल तर डॉक्टर मुद्दाम मवाळ, विचारण्याची भाषा वापरतील. मग वाक्यामुळे नकार आला की येणाऱ्या नकारामुळे वाक्य बदललं? व्हिडिओ कितीही बारकाईने बघितला तरी याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी कोणी कसं बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरवावं लागतं. नोएल ब्रूअर यांच्या गटाने नॉर्थ कॅरोलिनात ३० दवाखाने घेऊन तेच केलं (२०१७, एचपीव्ही लस). काही दवाखान्यांना "थेट सांगा" हे प्रशिक्षण दिलं, काहींना "मोकळी चर्चा करा" हे, आणि काहींना काहीच नाही. सहा महिन्यांनी ११-१२ वर्षांच्या मुलांमध्ये थेट सांगणाऱ्या दवाखान्यांत लसीकरणाची टक्केवारी ५.४ अंकांनी जास्त निघाली. चर्चा शिकवलेल्यांत म्हणण्यासारखा फरक नाही. ८३ आणि २६ मधली दरी बघून आलेल्याला ५.४ किरकोळ वाटेल, पण माझा जास्त विश्वास याच आकड्यावर आहे. शिवाय त्यांनी "लस घ्याल का?" असं विचारलं नव्हतं, राज्याच्या लसीकरण नोंदी तपासल्या होत्या.

याचा अर्थ डॉक्टरांनी दामटून न्यायचं असा नाही. ओपेल यांच्याच २०१५ च्या लेखात असं दिसलं की गृहीत धरून बोललं की लस जास्त घेतली जाते, पण भेटीचा अनुभव पालकांना तितका बरा वाटत नाही. नको म्हणायची मोकळीक राहायलाच हवी. मला हा प्रश्न अजून सुटलेला वाटत नाही.

खास फ्लूवरचा एक अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यांतला आहे (२०१८). सकाळी ८ ते १० च्या दरम्यान आलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी लस घेतली, दुपारी ४ वाजता आलेल्यांपैकी ३२ टक्के. दिवस चढतो, वेळ कमी पडतो, डॉक्टर थकतात आणि विषय राहून जातो, हे एक स्पष्टीकरण. (चारला येणारे लोक मुळातच वेगळे असतील, हे दुसरं.) काही दवाखान्यांत कॉम्प्युटरच सहायकांना आठवण करून द्यायचा, की या पेशंटसाठी लशीची ऑर्डर तयार ठेवायची का ते आत्ताच ठरवा. तिथे टक्केवारी ९.५ अंकांनी वाढली. डॉक्टरच्या आठवणीवर सगळा भार न टाकणं हासुद्धा उपायच आहे.

हे सगळं उचलून महाराष्ट्रात आणायचं म्हटलं की खरी गंमत सुरू होते. आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो, त्यामुळे "थंडीआधी लस" हे तिकडचं वेळापत्रक तसंच चालत नाही. तिकडे बहुतेक विम्यांत ही लस फुकट मिळते. इथे अनेकांना ती मेडिकलमधून पदरचे पैसे घालून आणावी लागते. "आज लस द्यायचीय" हे वाक्य डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये लस असेल तरच खरं.

आणि मग आपली भाषा. ओपेल यांच्या पद्धतीत विरोध म्हणजे तोंडाने केलेला विरोध. आपल्याकडे डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणतो कोण? पायलटमध्ये मी ज्या ओपीडीत बसले तिथे स्पष्ट "नको" फार क्वचित ऐकलं. त्याऐवजी "बघू", "घरी विचारून सांगते", "तुम्ही म्हणाल तसं", किंवा नुसती मान हलवून बाहेर. माझ्या पहिल्या कोडिंगमध्ये मान हलवणं "होकार" होतं. फाइल गाइडकडे नेली तर त्यांनी एकच विचारलं, "यातल्या किती जणांनी लस टोचून घेतली?" माझ्याकडे तो कॉलमच नव्हता.

आता आहे. "बघू" साठी वेगळा कोड आहे, त्यापुढे डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले का याची नोंद आहे, आणि तीन आठवड्यांनी पेशंटला फोन करून लस घेतली का हे विचारते. फोन उचलणारे आणि न उचलणारे सारखे नसतात, ही नवी डोकेदुखी. तुमचा अभ्यास असता तर काय केलं असतं, कळवा.

यंदा बाबांची अपॉइंटमेंट मी मे महिन्यातली आणि सकाळची घेतली आहे. लस आहे ना, तेही आधीच फोन करून विचारलंय.